शेप्याची चाळीस कलमं

जर्मनसाहेब सहसा कुणाला झाड विकत नसत. त्यांची रोपवाटिका होती, फाटकावर पाटी होती, आत रोपं ओळीनं उभी होती, आणि तरीही झाड घ्यायला आलेला माणूस बहुतेक वेळा रिकाम्या हातानं परत जाई. आधी त्यानं आपल्या जमिनीतली ओंजळभर माती फडक्यात बांधून आणायची. साहेब ती पसरत, बोटांनी चुरत, हुंगत आणि चिमूटभर जिभेवर ठेवत. मग बाजूला थुंकून सांगत, "चुना लई हाय. लिंबू न्हाय मिळनार. रामफळ न्या." तो म्हणे, रामफळ नको, मला लिंबूच पाहिजे. साहेब म्हणत, "मला बी लई काय काय पायजे," आणि पुढच्या फडक्याकडं वळत.

ते गेल्याचं त्यांच्या पुतणीनं मला गेल्या महिन्यात कळवलं. पत्र चार ओळींचं होतं. तेव्हापासून मी हे लिहितो आहे. रोज अर्धं पान होतं. जास्त लिहिलं की खाडाखोड करावी लागते.

मी तेव्हा धाराशिवच्या सरकारी शाळेत गणित शिकवत असे. निजामाचं राज्य होतं, शाळा उर्दूत चाले, सुटी शुक्रवारी असे. माझी खोली साहेबांच्या बागेच्या भिंतीला लागून होती. माझं अक्षर बरं आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं आणि एका शुक्रवारी ते पत्र्याच्या पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन माझ्या दारात उभे राहिले. पट्टीवर झाडाचं नाव ते स्वतः रोमन लिपीत लिहीत. खाली उर्दूत आणि मराठीत मी लिहायचं. हे काम मी नऊ वर्षं केलं. त्या नऊ वर्षांत त्यांनी मला एकही झाड दिलं नाही. एकदा मी कुंडीतली जाई मागितली तेव्हा ते माझ्या खोलीत आले, फळीवरची पुस्तकं पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, तुमी वाचत बसनार आन् ती मरनार." मी वाद घातला नाही.

त्यांची मराठी आवडामावशीची होती. आवडामावशी त्यांच्याकडं पहिल्या दिवसापासून कामाला. तिचं माहेर ढोकीकडचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. साहेबांनी तिला कलम बांधायला शिकवलं आणि तिनं त्यांना बोलायला. त्यामुळं साहेबांच्या तोंडी "मुडद्या" आणि "तुझं वाटोळं झालं" असे बायकांचे शब्द होते, आणि ते हे शब्द अगदी सपाट आवाजात, चष्मा पुसत वापरत. उर्दू मात्र ते एका जहागीरदाराच्या हवेलीत शिकले होते. त्याच जहागीरदारानं त्यांना गुलाबांसाठी जर्मनीहून बोलावून घेतलं होतं. जहागीरदार वारले, मुलांना गुलाब नको होते, मोटार पाहिजे होती. साहेब मग धाराशिवला आले. त्यामुळं कचेरीतल्या पट्टेवाल्याशी ते नवाबाशी बोलावं तसं बोलत आणि वकिलांशी आवडामावशीसारखं.

एका वकिलांचं सांगतो. त्यांनी दोन कलमी गुलाब नेले होते. विकलेल्या झाडांची साहेब दर गुरुवारी सायकलवरून फेरी मारून पाहणी करत. झाड विकलं म्हणजे आपला त्याच्याशी संबंध संपला असं त्यांना वाटत नसे. वकिलांच्या अंगणात ते शिरले तेव्हा गुलाबांना पानं नव्हती. वकीलसाहेब झोपाळ्यावर होते.

"मुडद्या," साहेब म्हणाले, "मारलास की रं ह्येला."

वकिलांना कुणी असं बोललेलं त्यांच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. साहेबांनी दोन्ही कुंड्या उचलल्या, सायकलला बांधल्या, पिशवीतून एक कोरफड काढून त्या जागी ठेवली आणि "ही मरत न्हाय" असं सांगून निघून गेले. वकील फिर्याद करणार होते. पण फिर्यादीत गेलेल्या मालाचं वर्णन द्यावं लागतं, आणि ते लिहायला बसले तेव्हा गुलाबाचा रंग कोणता होता हे त्यांना आठवेना. घरात विचारलं, कुणालाच आठवेना. फिर्याद राहिली. पुढं ती कोरफड इतकी वाढली की वकील आल्यागेल्याला ती दाखवत.

साहेबांच्या घराण्यात चार पिढ्या माळीकाम होतं. घराण्याबद्दल ते क्वचित बोलत आणि बोलले तरी एकच गोष्ट सांगत. पणजोबांनी एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं लावली. आजोबांनी ती आयुष्यभर छाटली. वडिलांनी ती म्हातारी झाली म्हणून तोडली आणि त्याच खड्ड्यांत नवी लावली. "तीन मानसं, येक रस्ता," साहेब म्हणत. "सांजच्याला जेवताना बोलायला काय बी नसायचं." साहेब चौथा मुलगा. बाग थोरल्याला गेली. बाकीच्यांना वडिलांनी एकेक चाकू दिला आणि जग मोठं आहे असं सांगितलं.

आजोबांचा एक नियम मात्र साहेब धर्मासारखा पाळत. ज्यानं कलम बांधलं त्यानंच ते सोडवायचं.

हे थोडं समजावून सांगितलं पाहिजे. आंब्याचं भेटकलम करताना कुंडीतलं कोवळं रोप मोठ्या झाडाच्या फांदीशेजारी नेऊन ठेवतात. दोघांची साल थोडी तासून जखमेला जखम लावतात आणि बांधतात. दोन-तीन महिन्यांत दोन्ही जीव एक होतात. मग फांदी मोठ्या झाडापासून कापायची, पण एकदम नाही. आधी तिसरा हिस्सा, आठ दिवसांनी अर्ध्यापर्यंत, आणखी आठ दिवसांनी पूर्ण. म्हणजे लेकराला कळत नाही की आईपासून तोडलं, असं आवडामावशी सांगे. हे कापणं म्हणजे सोडवणं. ते बांधणाऱ्याच्याच हातानं व्हायचं. साहेब तापानं फणफणले होते तेव्हा आवडामावशीनं एकदा त्यांचं एक पेरूचं कलम सोडवलं, चांगल्या मनानं, वेळ टळू नये म्हणून. कलम उत्तम लागलं होतं. साहेब उठले, त्यांनी पाहिलं. ते कलम उपटून उकिरड्यावर टाकलं आणि आंघोळीला गेले. त्यानंतर बागेत कुणी दुसऱ्याच्या कलमाला बोट लावलं नाही. लोकांचंही तसंच मत झालं. साहेबांच्या हातालाच गुण आहे, दुसऱ्याचा हात लागला की झाड मरतं, हे कळंबपासून ढोकीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

ढोकीच्या अलीकडं अप्पांचं शेत होतं. अप्पा धान्याचे व्यापारी, गळ्यात लिंग, सत्तरीला आलेले, बोलताना मधूनच कानडीत शिरत. त्यांच्या शेतात आंब्याचं एक जुनं झाड होतं. त्याला शेप्या म्हणत, कारण त्याच्या आंब्याला शेपूच्या भाजीचा वास येई. नुसता भास नव्हे. फोड तोंडाशी नेली की शेपूच. अशा आंब्याचं कुणाला काय कौतुक असणार. अप्पा सोडून घरातलं कुणी तो खात नसे. अप्पांच्या सुना तो वेगळ्या टोपलीत ठेवत, दुसऱ्या आंब्यांना वास लागू नये म्हणून.

साहेबांनी तो पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मी तिथं होतो. त्यांनी फोड तोंडात घातली आणि चघळणं थांबवलं. अप्पांना वाटलं, कीड लागली असावी.

"थुका, सायब, थुका. दुसरा देतो."

साहेबांनी गिळलं. म्हणाले, "माझी आई काकडीत घालायची. ह्योच पाला. बरणीत." मग त्यांनी उरलेली फोड खाल्ली, कोय चोखली आणि झाडाभोवती तीन फेऱ्या मारून सांगितलं, "अप्पा, ह्ये झाड मरनार."

ते खरंच होतं. खोड आतून वाळवीनं पोखरलं होतं, दक्षिणेकडच्या फांद्यांना पालवी येत नव्हती. साहेबांनी दोन वर्षं त्याच्या कोवळ्या फांद्यांच्या काड्या नेऊन आपल्या बागेत कलमं करून पाहिली. एकही लागलं नाही. लाकडात जोर नव्हता. कोय लावून तोच आंबा येत नाही, त्यामुळं तोही मार्ग नव्हता. तसला दुसरा आंबा साहेबांनी कुठं पाहिला नव्हता आणि आम्हीही पाहिला नव्हता. तिसऱ्या वर्षी त्यांनी ठरवलं की झाडाला बागेत नेता येत नाही तर बाग झाडावर न्यायची. आषाढात त्यांनी शेप्याभोवती बांबूचं दुमजली मचाण बांधलं, त्यावर चाळीस कुंड्या चढवल्या आणि चाळीस कलमं बांधली. मचाणावर दुसरं कुणी बसेल एवढी जागा नव्हती, म्हणून सगळी स्वतःच्या हातानं. अप्पांनी विचारलं, "चाळीस कशाला? येकदोन बास झाली की." साहेब म्हणाले, "येकदोन जगाया चाळीस लागत्यात." पट्ट्या मी लिहिल्या. चाळीस वेळा शेप्या.

तेव्हा लढाई सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. ब्रिटिश मुलखातले जर्मन केव्हाच छावण्यांत गेले होते. आमच्या कोपऱ्यातला एक राहून गेला होता. लोक त्यांना मुद्दाम विचारत, "साहेब, कोण जिंकणार?" ते खुरपं न थांबवता म्हणत, "वाळवी. तुमी वाट बगा."

भादव्यात त्यालाही छावणीत धाडायचा हुकूम आला. तो घेऊन अमीनसाहेब, म्हणजे आमच्या भागाचे पोलीस अधिकारी, दोन शिपायांसह ढोकीला गेले. योगायोगानं तो शुक्रवार होता आणि मी पट्ट्या बांधायला तिथं गेलो होतो. अमीनसाहेबांकडं साहेबांचे तीन गुलाब होते, आणि गुरुवारच्या पाहणीत ते नेहमी पास होत, त्यामुळं दोघांचे संबंध चांगले होते. अमीनसाहेब मचाणाखाली उभे राहिले आणि टोपी काढली.

"साब, हुकम आया. नीचे उतरो ना."

"दिवाली के बाद तशरीफ लाइए," वरून साहेब म्हणाले. "अभी जोड कच्चा है."

"साब, मैं क्या करूं? ऊपर से आया हुकम."

"मैं भी ऊपर हूं."

मग अमीनसाहेबांनी शेताच्या बांधावर बसून अहवाल लिहिला: इसम झाडावर असून खाली उतरत नाही, झाड जुनं असल्यानं बळजबरी केल्यास ते पडण्याचा संभव. सही केली आणि निघून गेले. या अहवालानं आठ दिवस मिळाले. आठ दिवसांनी दुसरा हुकूम आला, त्यात शिडी असा स्पष्ट उल्लेख होता. साहेबांनी तो वाचला आणि स्वतःच उतरले.

अमीनसाहेबांना एक छापील कागद भरायचा होता. ते विचारत गेले, साहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो. धंदा? माळी. वडिलांचा? माळी. त्यांच्या वडिलांचा? "तेच लिवा खालपातूर." कुठल्या पक्षाचे सभासद? साहेब म्हणाले की सभांना लोक झाडाखाली दाटी करून उभे राहतात, त्यानं मुळं दबतात, म्हणून ते सभेला जात नाहीत. मागच्या लढाईत काय केलं? "कबरींवर झाडं लावली." किती? साहेबांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. मी ती जागा कोरी ठेवली.

चाकू अमीनसाहेबांनी ठेवून घेतला, तो नियम होता. ढोकीच्या स्टेशनावर छोट्या गाडीत बसताना साहेब आवडामावशीला एवढंच म्हणाले, "पानी रोज. कुंडी सुकू देऊ नगंस." सोडवण्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही. मला वाटतं, दिवाळीपर्यंत आपल्याला परत सोडतील असं त्यांनी धरलं होतं. झाडांच्या बाबतीत ते इतकं काही धरून चालत नसत.

दिवाळी झाली. जोड पक्के झाले होते. आवडामावशी वर चढून प्रत्येकाला बोटानं दाबून बघून आली. खाली उतरून तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आवडे, सोडव की मग," अप्पा म्हणाले.

"म्या न्हाय. त्येंनी बांधल्यात."

"अगं, त्ये काय येतेत आता?"

"येकदा सोडवलं व्हतं त्येंचं. उकिरड्यावर गेलं. म्या न्हाय हात लावनार." मग ती म्हणाली, "तुमीच सोडवा की अप्पा. झाड तुमचं हाय."

अप्पांनी हात मागं घेतले. "माझ्या बापानं राखलेलं झाड हाय ते. माझ्या हातानं मेलं म्हंजी?"

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो की साहेबांना पत्र लिहून विचारतो. शिकलेल्या माणसाला वेळ काढायला हे बरं साधन असतं. मलाही तो नियम खराच वाटत होता, हे इथं लिहून ठेवतो.

छावणीला जाणारी पत्रं सरकार तपासत असे, म्हणून पत्र इंग्रजीतच लिहावं लागे. मी लिहिलं: चाळीसही तयार आहेत. म्हातारा उन्हाळा काढेल असं अप्पांना वाटत नाही. कापायला सुरुवात करावी काय? आधी तिसरा हिस्सा, मग अर्धा, मग पूर्ण. तुमच्या हुकमाची वाट पाहतो.

पाच आठवड्यांनी मला कचेरीतून बोलावणं आलं. बाहेरगावचे एक अधिकारी आले होते, त्यांच्यापुढं माझं पत्र होतं आणि त्यावर लाल पेन्सिलीच्या रेघा. अमीनसाहेब कोपऱ्यात उभे होते.

"ये चालीस कौन हैं?"

"आम हैं, जनाब."

"और ये बुड्ढा?"

"वो भी आम है."

"किसको काटना है?"

"सबको. मगर थोडा थोडा, आठ-आठ दिन से."

अधिकाऱ्यांनी लेखणी खाली ठेवली. अमीनसाहेब पुढं झाले. "हौ साब, चालीसच हैं. मैं गिन को आया. झाड पर मचान है, हर एक को चिट्ठी बंधी है."

"चिट्ठी पर क्या लिखा है?"

मी सांगितलं. शेप्या म्हणजे काय, त्याला वास कसला, तो कुणाला आवडत नाही, मग त्याची चाळीस कलमं कशाला, हे सगळं विचारून झालं. शेवटच्या प्रश्नाला मी म्हणालो, झाड मरतंय म्हणून. अधिकाऱ्यांनी पत्र पुढं जाऊ दिलं. पण तोपर्यंत साहेबांना उत्तरेकडच्या दुसऱ्या छावणीत हलवलं होतं, आणि पत्र आधी पहिल्या छावणीत गेलं.

पौष गेला, माघ लागला. अप्पांचे गडी विहिरीतून पाणी काढत, आवडामावशी कळशी घेऊन मचाणावर चढे. चाळीस कुंड्या, रोज. एकही कुंडी तिनं सुकू दिली नाही. पण शेप्या वरून वाळत चालला होता. दक्षिणेची एक मोठी फांदी आपसूक मोडून पडली, तिच्याबरोबर सहा कलमं गेली. मग पूर्वेकडची पानं तांबूस झाली. कलमांना खालून पाणी मिळत होतं आणि ज्या आईला ती अजून बांधलेली होती ती मरत होती. आम्ही तिघं दर शुक्रवारी झाडाखाली उभे राहून वर बघत असू. अप्पा विचारत, "आलं का पत्तर?" मी नाही म्हणे. एकदा अप्पा संतापले. "मास्तर, तुमी येवढी बुकं वाचलीत, येक फांदी कापाया येत न्हाय?" मी म्हणालो, पुस्तकात सगळं आहे, कुणी कापावं ते नाही. अप्पा कानडीत काहीतरी म्हणाले. मी अर्थ विचारला नाही.

शिवरात्र होऊन गेल्यावर कार्ड आलं. त्यावर दोन शिक्के होते आणि एक ओळ काळ्या शाईनं पुसलेली होती. बाकीचा मजकूर मला पाठ आहे. मराठीत सांगायचा तर असा:

"मास्तर, नियम आजोबांचा होता. त्यांच्या हाताखाली सहा माळी होते आणि सगळे एकमेकांवर चुका ढकलत. कुणाचं कलम कुणी बिघडवलं हे कळावं म्हणून त्यांनी तो केला. झाडाला काही फरक पडत नाही. आजोबा कधी तुरुंगात गेले नव्हते. कापा."

मी ते झाडाखाली वाचून दाखवलं. आवडामावशी खाली बसली. ती म्हणाली, "मग माझा पेरू का टाकला?"

याचं उत्तर कार्डावर नव्हतं. कदाचित पुसलेल्या ओळीत असेल.

"न्हाय करनार म्या," ती म्हणाली. पण या वेळी तिच्या आवाजात भीती नव्हती, दुसरं काहीतरी होतं. अप्पांना या वयात मचाणावर चढता येत नव्हतं. राहिलो मी. माझ्या खिशात बोरूला टोक काढायचा चाकू होता. शाळेत मुलांचे बोरू मीच तासून देत असे. मी मचाणावर चढलो. बांबू वाकले. आवडामावशी खालून सांगत होती, "जोडाच्या खालून. खालून, मास्तर. तिरपा. बोरू तासता तसा." मी पहिल्या फांदीचा तिसरा हिस्सा कापला. चीक बोटांना लागला. मी दुसऱ्या फांदीकडं वळलो.

जिवंत होती ती एकवीस. तीन आठवड्यांत मी ती सोडवली. त्या उन्हाळ्यात बारा गेली. काही माझ्या हातानं गेली असतील, काही उशिरानं. वेगळं करून सांगता येणार नाही. आवडामावशीनं ती एकेक करून बाजूला ठेवली आणि मला कधी बोल लावला नाही. वळवाच्या वाऱ्यात शेप्या मुळासकट पडला. पावसाळ्यात नऊ कलमं जमिनीत लावली आणि दुसऱ्या वर्षापर्यंत पाच राहिली: दोन अप्पांच्या शेतात, एक आवडामावशीच्या अंगणात, एक अमीनसाहेबांच्या बंगल्यात, एक शाळेच्या आवारात.

साहेब परत आले नाहीत. लढाई संपल्यावर त्यांना छावणीतूनच जहाजावर बसवून मायदेशी पाठवलं. थोरल्या भावाची बाग बाँबनं गेली होती. ते तिथं नगरपालिकेचे माळी झाले. वर्षातून दोनदा कार्ड येई. हवा, माती, गुडघे, आणि शेवटी नेहमी एकच प्रश्न: फळ आलं का? कलम जगलं याचा त्यांना भरवसा नव्हता. वरची काडी मरून खालच्या रोपालाच फुटवा येतो आणि माणूस वर्षानुवर्षं भलत्याच झाडाला पाणी घालत बसतो, असं होतं. फळ खाल्ल्याशिवाय ते कळत नाही.

मग ते वर्ष आलं, रझाकारांचं आणि पोलीस ॲक्शनचं. त्याबद्दल इतरांनी लिहिलं आहे. माझ्या हिशेबात दोन झाडं गेली. अप्पांच्या शेतातलं एक सरपणासाठी कुणी तोडलं. अमीनसाहेब घरच्यांना घेऊन एका पहाटे गाव सोडून गेले, कुठं ते कळलं नाही, आणि त्यांच्या बंगल्यातलं झाड पाण्यावाचून वाळलं. मला ते चार महिन्यांनी समजलं. शाळेपासून बंगला पाच मिनिटांच्या वाटेवर होता. मी तिकडं गेलो नव्हतो.

पुढच्या उन्हाळ्यात शाळेतल्या झाडाला मोहोर आला आणि सात आंबे धरले. पोरांनी चार पाडले. उरलेले तीन मी उतरवून गवतात पिकत घातले आणि ढोकीला नेले. अप्पांना तेव्हा दिसत नव्हतं. आवडामावशी शेजारी बसली होती. मी स्वतः चाखला नाही. मला शेप्या कधी आवडला नव्हता, त्यामुळं माझं मत धरण्यासारखं नव्हतं.

अप्पांनी आंबा हातात घेतला, नाकाला लावला आणि ते सालीसकट खायला लागले. रस कोपरापर्यंत गेला. त्यांनी कोय तोंडात धरली तेव्हा मी विचारलं.

"अप्पा, तोच का?"

त्यांनी कोय काढली. "कुनाला तरी द्या येक. सुनंला द्या."

थोरली सून आली. तिनं फोड तोंडाला लावली, पदर नाकाशी धरला आणि म्हणाली, "अगं बया. पुन्ना आला का ह्यो?"

आवडामावशी हसली. तिला हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. "लिवा, मास्तर," ती म्हणाली.

मी त्याच दिवशी लिहिलं: "फळ आलं. शेपूचा वास येतो. अप्पांखेरीज कुणालाही आवडलं नाही."

उत्तर दोन महिन्यांनी आलं. "मग झाड तेच आहे," साहेबांनी लिहिलं होतं. "आता पाणी कमी करा."

कार्ड मिळालं तेव्हा पाऊस लागून महिना होऊन गेला होता आणि झाडाला मी पाणी घालतच नव्हतो. तरी उलट टपालानं कळवलं, कमी केलं.